आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना संशोधन शिकवताना: प्रकल्प नोंदी, जुलै २०२४ ते एप्रिल २०२५

मराठवाड्यातील एका जिल्ह्यात, तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि एक ग्रामीण रुग्णालय येथील अकरा जणांना स्वतःच्या रोजच्या कामावर स्वतः छोटे संशोधन करता यावे, यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातून आम्ही दोन शिक्षकांनी हा कार्यक्रम चालवला. सहभागींमध्ये चार वैद्यकीय अधिकारी, दोन समुदाय आरोग्य अधिकारी, दोन आरोग्य सेविका, एक स्टाफ नर्स, एक औषधनिर्माण अधिकारी आणि क्षयरोग विभागाचे एक वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक होते. दुसऱ्या जिल्ह्यात कोणी हेच करू पाहत असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. व्यक्तींची व संस्थांची नावे जाणीवपूर्वक गाळली आहेत.

८ जुलै २०२४

पहिली दोन दिवसांची कार्यशाळा झाली आणि ती साफ फसली. बाहेरून संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक बोलावले होते. त्यांनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत प्रमाण विचलन, नॉर्मल वक्र आणि 'पी व्हॅल्यू' शिकवले. व्याख्यान उत्तमच होते, परंतु ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी योग्य ठरले असते. चहानंतर अकरापैकी सातच जण खोलीत परतले, उरलेल्यांना केंद्रावरून फोन आले होते. दुसऱ्या दिवशी औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी विचारले, "मॅडम, आमच्या रजिस्टरमधलं यात नेमकं काय घालायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मानधन, प्रवास आणि जेवण धरून ६,५०० रुपये गेले.

२२ जुलै

विषय मागवले होते, ते आले. 'तालुक्यातील मातामृत्यूची कारणे', 'ग्रामीण भागातील मधुमेहाचे प्रमाण', 'क्षयरोगाविषयी समाजाचे ज्ञान, वृत्ती व वर्तन' अशी त्यांची नावे होती. यांतल्या प्रत्येक विषयाला स्वतंत्र निधी, वाहन आणि दोन-तीन वर्षे लागली असती. आणखी एक गंमत म्हणजे पाचही आराखड्यांत नमुन्याची संख्या ३८४ होती. ५० टक्के प्रमाण, ५ टक्के त्रुटी आणि ९५ टक्के विश्वासपातळी धरली की सूत्रातून हाच आकडा येतो, आणि तो इंटरनेटवरून सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. ज्या केंद्रात उच्च रक्तदाबाची उपचार कार्डेच २१४ आहेत, तेथेही ३८४ रुग्ण घेणार असे लिहिलेले होते. सगळी कार्डे हाताशी असताना नमुना काढायचा कशाला, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. खरे तर तो आमच्या शिकवण्यातच नव्हता.

कार्यशाळेची रचना मोडून टाकली. क्षयरोगावर काम करणारी 'द युनियन' आणि 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००९ मध्ये सुरू केलेला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'टीडीआर' या उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमातून जगभर पसरलेला 'सॉर्ट इट' हा प्रशिक्षणक्रम समोर ठेवला. त्यात आधी आराखडा, मग माहितीची नोंद व विश्लेषण, मग लेखन असे टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याला मुदत असते आणि मुदत चुकवणाऱ्याला पुढे प्रवेश मिळत नाही. टप्पे आम्ही घेतले. मुदतीचा कडकपणा मात्र आपल्याकडे, जेथे एका फोनवर वैद्यकीय अधिकाऱ्याची ड्यूटी बदलते, पाळता येईल का याविषयी तेव्हाच शंका होती.

५ ऑगस्ट

एक दिवस बसून विषय छाटले. कसोट्या दोनच ठेवल्या. या प्रश्नाचे उत्तर आज केंद्रात असलेल्या कागदांतून मिळते का, आणि उत्तर मिळाल्यावर विचारणारा माणूस वरच्यांची वाट न पाहता स्वतः काही बदलू शकतो का? दुसऱ्या कसोटीवर बहुतेक विषय गळाले.

उरले ते असे. पहिल्या गटाने, उच्च रक्तदाबाची नोंद असलेल्यांपैकी किती जण एका तिमाहीत एकदाही गोळ्या घ्यायला आले नाहीत, हा प्रश्न घेतला. दुसऱ्याने निक्षय पोषण योजनेचा, म्हणजे क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणाऱ्या रकमेचा, पहिला हप्ता रुग्णाच्या नोंदणीनंतर किती दिवसांनी खात्यात पडतो, हा घेतला. तिसऱ्याने गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन तपासले जाते का, हा घेतला. चौथा गट ग्रामीण रुग्णालयाचा होता, आणि सर्पदंशाचा रुग्ण दंशानंतर किती तासांनी दाखल होतो हे त्यांना पाहायचे होते.

१९ ऑगस्ट

या प्रकल्पातील माझी सर्वांत मोठी चूक आज झाली.

पहिल्या गटाची नोंदवही चाळताना एक गोष्ट दिसली होती. एका उपकेंद्राच्या सलग चार पानांवर रक्तदाबाचा प्रत्येक आकडा शून्यावर संपत होता, १३०/८०, १४०/९०, १२०/८०, आणि एका पानावर तर पहिल्या ओळीखाली तळापर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या दोन दोन रेघा ओढलेल्या होत्या. डिजिटल यंत्रावर मोजले तर १३४ किंवा १२७ असे आकडेही यायला हवेत. माहितीची गुणवत्ता शिकवण्यासाठी हे उत्तम उदाहरण आहे असे वाटले, म्हणून त्या पानांचे फोटो मी पडद्यावर लावले. नाव झाकले होते, पण अक्षर कोणाचे ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते, आणि नेमके त्या वेळी तालुका आरोग्य अधिकारी मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते. त्या उपकेंद्राच्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. दुपारनंतर त्या दिसल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत दोन गटांकडून निरोप आले की नोंदवह्या सध्या लेखापरीक्षणासाठी दिलेल्या आहेत.

३० ऑगस्ट

उपकेंद्रावर जाऊन सिस्टरांची माफी मागितली. त्यांनी टेबलाच्या खणातून रक्तदाबाचे यंत्र काढून दाखवले. त्याचे सेल फेब्रुवारीपासून संपलेले होते, मागणी दोनदा लिहून दिली होती आणि मधल्या काळात त्या जुन्या काट्याच्या यंत्रावर मोजत होत्या, ज्यावर दोन-दोनच्या रेघा नीट दिसतच नाहीत. "शून्यावर आणून लिहायचं असंच शिकवलं होतं आम्हाला," त्या म्हणाल्या. रेघा ओढलेल्या पानाबद्दल त्यांनी सरळ सांगितले की त्या दिवशी शिबिरात शंभरावर माणसे होती आणि आकडे नंतर भरले होते. चार सेल मी पिशवीतून नेलेच होते. किंमत ८० रुपये.

यानंतर नियम केला की कोणाचीही नोंदवही दुसऱ्यासमोर उघडायची नाही. प्रत्येकाने स्वतःच्या वहीतील शेवटचे ५० आकडे स्वतः मोजायचे, त्यांतील किती शून्यावर संपतात ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी बिननावाची ठेवायची. पुढच्या बैठकीत चिठ्ठ्या फळ्यावर उतरवल्या तेव्हा खोलीत हशा पिकला, कारण कोणाचीच वही धुतल्या तांदळासारखी नव्हती. लेखापरीक्षणाला गेलेल्या नोंदवह्याही त्याच आठवड्यात परत आल्या.

१२ सप्टेंबर

नीतिमत्ता समितीची परवानगी. नोंदवहीतली जुनी माहिती नावाशिवाय वापरायची, रुग्णाला हात लावायचा नाही, मग परवानगी कशाला, असे सगळ्यांचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर जुलैमध्ये माझेही तेच होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कमी जोखमीच्या कामाला सूट मिळू शकते. मात्र ती सूट देण्याचा अधिकार समितीचा आहे, संशोधकाचा नाही. आम्ही अर्ज ऑगस्टच्या बैठकीनंतर पोहोचवले, त्यामुळे ते पुढच्या बैठकीवर गेले आणि त्यातही दोन अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे संमतिपत्र जोडलेले नाही म्हणून परत आले. पाच आठवडे गेले. पुढच्या वेळी विषय ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी समितीच्या सदस्य सचिवांना भेटून, बैठकीची तारीख विचारून, त्या तारखेवरून मागे मोजत काम आखायचे.

२६ सप्टेंबर

क्षयरोगाच्या नोंदवहीच्या अकरा पानांचा फोटो व्हॉट्सॲप गटावर पडला. त्यात नावे, गावे आणि फोन क्रमांक होते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, कारण एक अक्षर लागत नव्हते आणि ते विचारायचे होते. तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधून तो काढायला लावला व घटना लिहून समितीला कळवली. समितीने समज देऊन काम चालू ठेवू दिले.

या धक्क्यातून आम्ही दुसरे टोक गाठले. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक आणि क्रमांकांची यादी केंद्राच्या कपाटात कुलपात, हे योग्यच होते. पण छोट्या वाडीवरून माणूस ओळखता येईल म्हणून सर्व तक्त्यांमधून गावाचा रकानाही काढून टाकला. त्याची किंमत जानेवारीत कळली.

१४ ऑक्टोबर

माहिती भरण्यास सुरुवात झाली. पहिला आठवडा एक्सेलवर केला आणि तो सगळा वाया गेला. रक्तदाबाचे दोन्ही आकडे तिरकी रेघ देऊन एकाच चौकटीत भरले होते, त्यामुळे संगणकाला ते अक्षर वाटत होते. ०५/०६ ही तारीख एका लॅपटॉपवर ५ जून तर दुसऱ्यावर ६ मे झाली. एका सेविकाताईंनी सवयीप्रमाणे मराठी कळफलकावर देवनागरी अंक टाकले होते, आणि बेरीज शून्य का येते हे शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली.

नंतर 'एपिडेटा' हे मोफत सॉफ्टवेअर घेतले. त्यात रकान्याला मर्यादा घालता येते, म्हणजे वरचा रक्तदाब ७० पेक्षा कमी किंवा २६० पेक्षा जास्त टाकला तर ते स्वीकारतच नाही, आणि तीच माहिती दोघांनी वेगवेगळी भरून दोन्ही फाइली ताडून पाहता येतात. दुबार नोंदीला आधी सगळ्यांनी नाके मुरडली. पहिल्या ४० कार्डांत २३ ठिकाणी तफावत निघाल्यावर कुरकुर थांबली.

तिसऱ्या गटाचा प्रश्न येथे अडला. हिमोग्लोबिनचा रकाना रिकामा असेल तर तपासणी झालीच नाही, की झाली पण लिहिली नाही? मासिक अहवालात आपण 'निरंक' लिहितो तेव्हा शून्य असे म्हणायचे असते, परंतु वहीतला रिकामा रकाना कोणताच अर्थ सांगत नाही. माता बाल संरक्षण कार्डावर आकडा असू शकतो, पण ते कार्ड बाईंच्या घरी. शेवटी प्रश्नच बदलून 'तपासले जाते का' ऐवजी 'नोंदवहीत नोंद सापडते का' असा केला. हा कमीपणा नव्हे, हे गटाला पटवायला दोन बैठका लागल्या.

२५ नोव्हेंबर

जवळजवळ सहा आठवड्यांत काहीच झालेले नाही. दिवाळी झाली आणि २० तारखेला विधानसभेचे मतदान होते. मतदान केंद्रांवर औषधपेटी घेऊन बसण्याच्या आदेशात आमचे अकरापैकी आठ जण होते. 'सॉर्ट इट'चा मुदतीचा नियम लावला असता तर तीन माणसे उरली असती. मुदती रद्द न करता सरसकट ४५ दिवस पुढे ढकलल्या.

दुसऱ्या गटाला वेगळाच फटका बसला. निक्षय पोषण योजनेची रक्कम महिन्याला ५०० रुपयांवरून १,००० झाली आणि १ नोव्हेंबरपासून नोंद होणाऱ्या रुग्णांना ती ३,००० रुपयांच्या दोन आगाऊ हप्त्यांत देण्याचे ठरले. रुग्णाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट, पण 'पहिला हप्ता' या शब्दाचा अर्थच अभ्यास चालू असताना बदलला. डिसेंबरपर्यंतचे रुग्ण घेण्याचा बेत सोडून केवळ जानेवारी ते जून २०२४ मध्ये नोंद झालेले रुग्ण घेतले. पर्यवेक्षकांनी हे स्वतः सुचवले, आम्ही नाही.

१६ डिसेंबर

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर बंधपत्रावर होते, त्यांचे वर्ष पूर्ण झाले आणि ते पदव्युत्तर अभ्यासाला गेले. सर्पदंशाची सर्व माहिती त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होती. ती त्यांनी पाठवली, पण कोणत्या रकान्यात काय सांकेतिक आहे हे लिहिलेला कागद नव्हता. १, २, ३ म्हणजे काय, हे फोनवर विचारून त्यांनाही आठवेना. चौथा गट बंद केला. गटात किमान एक जण त्याच केंद्रावर कायमचा असलाच पाहिजे, सेविका, औषधनिर्माण अधिकारी, कोणीही, आणि आराखड्यावर पहिले नाव त्याचे असावे, असे आता वाटते.

७ डिसेंबरपासून क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीमही सुरू झाली आहे, त्यामुळे दुसरा गट मार्चअखेरपर्यंत फक्त रविवारी सापडणार.

९ जानेवारी २०२५

पहिल्या गटाचे विश्लेषण. सप्टेंबर २०२३ अखेर नोंद असलेल्या २१४ कार्डांपैकी नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या तीन महिन्यांत एकदाही न आलेले रुग्ण वेगळे काढले. वय, लिंग, गोळ्यांची संख्या, रक्तदाब असे सर्व फाटे पाडून पाहिले, कशातच ठळक फरक दिसेना. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निष्कर्ष आधीपासून तयार होता. लोक निष्काळजी आहेत, डोके दुखत नाही तोवर गोळी घेत नाहीत, समुपदेशन वाढवावे. तसे लिहूनही झाले होते.

स्टाफ नर्स सिस्टर मात्र संगणकाकडे पाहतच नव्हत्या. न आलेल्यांची मूळ कार्डे त्यांनी कपाटातून आणली आणि टेबलावर गावांप्रमाणे गड्डे लावायला सुरुवात केली. केंद्राच्या गावाचा गड्डा बोटभर झाला. चार वाड्या-तांड्यांचे गड्डे एवढे झाले की घसरू लागले. मग त्यांनी त्या गड्ड्यांतील कार्डांवरची शेवटची तारीख वाचायला सुरुवात केली, आणि ती बहुतेक सगळी दसऱ्याच्या आगेमागे पडत होती. "मॅडम, हे कोयत्याला गेलेले लोक आहेत. पाडव्याच्या सुमारास सगळे परत येतात," त्या म्हणाल्या. पुढच्या भेटीची तारीख पाहिली तर ती मार्च-एप्रिलचीच होती. डिफॉल्टर म्हणून आम्ही ज्यांची टक्केवारी काढत होतो, ते पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला फडात होते, आणि जाताना त्यांच्याजवळ केंद्राने दिलेल्या ३० दिवसांच्या गोळ्या होत्या.

गावाचा रकाना आम्हीच काढून टाकला होता. तो नसता काढला तर पहिल्याच तक्त्यात हे दिसले असते.

३ फेब्रुवारी

गाव पुन्हा जोडण्यासाठी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला. गावाचे नाव न लिहिता 'केंद्राचे गाव', 'डांबरी रस्त्यावरचे गाव' आणि 'वाडी-तांडा' असे तीनच प्रकार ठेवले, म्हणजे माणूस ओळखू येत नाही आणि फरकही लपत नाही. परवानगीला तीन आठवडे लागले. २१४ कार्डे पुन्हा काढून एक रकाना भरायला दोघींना दोन दिवस.

२७ फेब्रुवारी

लेखन. निरीक्षणात्मक अभ्यास कसा लिहावा याची 'स्ट्रोब' ही २२ मुद्द्यांची यादी वाटली आणि इंग्रजीत मसुदा मागितला. आलेले मसुदे वाचवत नव्हते. पहिला परिच्छेद चकचकीत, दुसऱ्यात व्याकरणाचा पत्ता नाही, कारण पहिला कुठून तरी उचललेला असे. तीन दिवस दुरुस्त्या करून कंटाळले आणि सर्वांना सांगितले की मराठीत दोन पाने लिहा, तुम्ही तालुका बैठकीत सांगाल तशी. चार दिवसांत तिन्ही गटांची पाने आली, आणि सेविकाताईंच्या पानात मर्यादांचा परिच्छेद आमच्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधापेक्षा प्रामाणिक होता. "वहीत जे नाही ते झाले नाही असे आम्ही म्हणत नाही," असे त्यांनी लिहिले आहे. इंग्रजी आवृत्ती आता आम्ही करतो, त्यांनी वाचून मंजूर करायची. लेखकांच्या क्रमात त्यांची नावे आधी येतील.

२८ मार्च

तालुका बैठकीत सादरीकरण. १९ ऑगस्टची आठवण असल्याने कोणत्याही उपकेंद्राचे नाव कोठेही येऊ दिले नाही. दुसऱ्या गटाला आढळले की हप्त्याचा उशीर मुख्यतः बँक खात्याच्या पडताळणीपाशी होतो, म्हणून निदान झाल्याच्या दिवशीच पासबुकाची पहिल्या पानाची प्रत घेण्याची पद्धत त्यांनी आपल्या केंद्रात सुरूही केली. तिसऱ्या गटाने वहीच्या रकान्यात 'तपासले नाही' असे स्पष्ट लिहायचे ठरवले. एवढेच, पण त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

आतापर्यंतचा खर्च लिहून ठेवते. पहिली कार्यशाळा ६,५००, छपाई व झेरॉक्स ३,२००, नंतरच्या नऊ बैठकांचा चहा-नाश्ता ४,०५०, प्रवास ७,४००, आणि सेल ८०. एकूण २१,२३० रुपये. यातले पहिले ६,५०० वाचवता आले असते. आम्हा दोघांचे वेळापत्रकाबाहेरचे सुमारे ३० दिवस गेले.

११ एप्रिल

पाडव्यानंतर वाड्यांवरचे रुग्ण पुन्हा येऊ लागले आहेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निष्काळजीपणाचा परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडला आहे. येत्या हंगामासाठी बेत असा की मागच्या सलग दोन भेटींत ज्यांचा रक्तदाब १४०/९० च्या आत आहे आणि जे कोयत्याला जाणार आहेत, त्यांना दसऱ्याला नेहमीच्या ३० दिवसांच्या वर आणखी १२० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. ज्यांचा आटोक्यात नाही त्यांचे काय करायचे, याचे उत्तर अजून नाही. स्टाफ नर्स सिस्टरांनी कार्डावर 'हंगामात कोठे' असा एक रकाना पेनाने आखून घेतला असून त्यात कारखान्याचे गाव आणि मुकादमाचा फोन लिहायला सुरुवात केली आहे.

औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला. साठ रुग्ण, रोज एक गोळी, जादा १२० दिवस, म्हणजे अमलोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या ७,२०० गोळ्या नेहमीच्या मागणीहून अधिक लागतील. मागणीपत्राला त्यांनी दोन पानी मराठी अहवाल जोडला आणि तो जिल्हा औषध भांडाराकडे पाठवला. आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर आलेले नाही.